बाहेर तोंड केलेला मॉनिटर

१६ एप्रिल २०१९

आमच्या दुधात पाणी आहे म्हणे!

केजच्या दूध संघाच्या गाडीचा ड्रायव्हर गहिनीनाथ आज सकाळी कॅन चढवता चढवता सगळ्या बायकांच्या देखत बोलला. "सचिवबाई, वरचे सायेब म्हणत्यात तुमच्या गावच्या दुधात पाणी लागतंय. मेच्या आखरीपर्यंत सुधारलं न्हाई तर गाडी ह्या गावात यायची न्हाई. मी आपलं कानावर घातलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, आमच्या गावात प्यायला पाणी नाही! टँकर आला की हंडे घेऊन बाया एकमेकींच्या अंगावर पडतात. घरोघरी ड्रमला झाकण आणि झाकणावर दगड. अर्धी जनावरं चारा छावणीत नेऊन बांधली आहेत. आणि अशा गावात दुधात ओतायला कोणाकडे पाणी उतू चाललंय? साहेबाच्या दूध तपासायच्या मशीनमध्येच बिघाड असणार, पण त्याला कोण विचारणार.

मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं, पण गाडी खरंच बंद झाली तर? ही संस्था आम्हा बायकांची. पुरुषांची जुनी संस्था भांडणात बुडाली तेव्हा अध्यक्ष वत्सलाबाई आणि मी घरोघरी फिरून ही उभी केली. ज्यांच्या दावणीला एखादी म्हैस उरली आहे त्यांच्या घरात ह्या दुष्काळात रोज आत येणारी एवढी एकच गोष्ट आहे. गाडी बंद झाली तर म्हशी बाजारात जातील, आणि बाया दिवाळीनंतर कोयता घेऊन नवऱ्यामागे ऊसतोडीला.

१७ एप्रिल

संशय माझ्यावर.

सावित्रीबाई खिडकीत चरवी ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमची फॅट चांगली लागती म्हणता, आन् तिकडं जाऊन पाणी कसं व्हतंय? मशीनचं तोंड तुमच्याकडं. आमाला काय दिसतंय?"

मी म्हटलं, "सावित्रीबाई, मी तर माझ्या घरचं दूध कधी मशीनला लावत नाही. मी चोर असते तर पहिल्यांदा स्वतःचीच फॅट वाढवली नसती?"

हे खरंच आहे. सचिवाच्या घरचं दूध सगळ्यांच्या शेवटी यायचं, आणि त्याला त्या वेळच्या सगळ्यांच्या फॅटची सरासरी लावायची, ही जुन्या संस्थेपासूनची पद्धत. आपल्या हाताने आपलं दूध तपासलं तर लोक बोट दाखवणार. मी ती पद्धत कधी मोडली नाही. आणि आमच्या घरचं दूध म्हणाल तर ह्या दुष्काळात तांब्याभरानेही कमी झालेलं नाही. बाकीच्यांच्या म्हशी आटत चालल्या. आमच्या ह्यांची निगाच तशी. पहाटे मी संकलन केंद्र उघडायला जाते, धार हे स्वतः काढतात, कॅन स्वतः आणून देतात. एवढं करून मी चोर?

वत्सलाबाईंनी तोड काढली. कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर विजेच्या झटक्यात जळलाच आहे. नवा घ्यायचा, आणि तो खिडकीबाहेर तोंड करून लावायचा. मशीनची छोटी काच नुसती फॅट दाखवते. मॉनिटरवर नाव, फॅट आणि पाण्याचं प्रमाण, सगळं येतं. रांगेत उभ्या बाईला प्रत्येकीचा आकडा दिसेल. मी म्हटलं, आजच्या आज आणा! मला तर हेच हवं आहे.

२२ एप्रिल

मॉनिटर आला, बीडहून. पातळ, काळाभोर, आरशासारखा. वत्सलाबाईंनी हळदीकुंकू वाहिलं. खिडकीच्या वर बाहेर तोंड करून पत्र्याच्या खाली बसवला.

आणि जोडायला गेले तर पिनच बसेना.

आमच्या कॉम्प्युटरच्या मागे निळं भोक आहे, पंधरा बारीक छिद्रांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू. नव्या मॉनिटरला ते नाहीच. त्याला एक चपटं, खाली निमुळतं झालेलं भोक. बास. पहिल्याला व्हीजीए म्हणतात, दुसऱ्याला एचडीएमआय, हे मला मोबाइलवर बघून कळलं. मला एवढंच विचारायचं आहे की हे भोक बदलायचं कोणाला सुचलं? आमच्याकडे दोन इंची पाइपाला दीड इंची जोडायचा तर रिड्यूसर मिळतो, गावातल्या किराणा दुकानात मिळतो. ह्यांनी मॉनिटर विकताना नुसतं एवढं विचारायला नको होतं का, की बाई, तुमचा कॉम्प्युटर कोणता?

हे म्हणाले, "कशाला त्या टीव्हीच्या मागं लागतीस? लोकं काय, बोलत्यातच. चार दिस बोलतील आन् गप बसतील."

मी म्हटलं, "ते गप बसतील, पण गाडी बंद होईल त्याचं काय?"

मग म्हणाले, "बरं. उद्या केजला जायचंच हाय. मी आणतो."

असा हा माणूस. स्वतःला पटलेलं नसतं, तरी बायकोसाठी उन्हात जातो.

२३ एप्रिल

ह्यांनी केबल आणली. दोन्ही टोकं सारखी, चपटी. मॉनिटरमध्ये बसली. कॉम्प्युटरमध्ये कुठे घालू? ह्यांना म्हटलं, अहो, मी कागदावर चित्र काढून दिलं होतं ना, एका बाजूला निळं! तर म्हणाले, "दुकानदारानं हीच दिली. मला काय कळतंय त्यातलं?"

दुकानदाराला लाज नाही. खेड्यातला भोळा माणूस दिसला की हातात येईल ते देऊन वाटेला लावायचं.

२७ एप्रिल

घरात पाण्यावरून भांडण. टँकर काल येऊन गेला आणि ड्रम आज अर्ध्यावर. मी सासूबाईंना बोलले. त्यांची ती तुळस! माणसं तहानलेली आणि वृंदावनाला रोज तांब्या.

सासूबाई रडवेल्या झाल्या. "मी न्हाई गं घेतलं. तुळशीला तर मी भांडी धुतलेलं घालती. ड्रमाला हात बी न्हाई लावला माझा."

मग काय ड्रमाला पाय फुटले? हे मधे पडले, म्हणाले, "जाऊ दे ना, म्हशीला पाजलं असंल." म्हशींना छावणीच्या हौदावर नेतात हे मला माहीत आहे. पण सासूबाईंना सांभाळून घ्यायचं म्हणून बोलले असतील. आईवर जीव आहे त्यांचा. मीच विषय सोडला.

२ मे

दुसरी केबल. दुकानदाराला शिव्या घालून घालून माझं तोंड दुखलं. ह्या वेळी दिसायला अगदी त्या चपट्या भोकासारखी, पण एकच कोपरा कापलेला. घालायला गेले तर तोंडाशी जाते आणि अडते. मी जोर लावला, वत्सलाबाईंनी हात धरला म्हणून भोक वाचलं. शोधलं तर ही तिसरीच जात निघाली, डिस्प्लेपोर्ट. म्हणजे एकच काम करायला तीन जाती, आणि एकीचं दुसरीशी जमत नाही. हे बनवणाऱ्यांना एका खोलीत कोंडून ठेवायला हवं, आणि दार उघडायला चुकीची किल्ली द्यायला हवी.

खिडकीतून आज टोमणा आला: "बंद टीव्ही दाखवायला टांगलाय व्हय?" मला ऐकू आलं. ज्या बाईने म्हटलं तिच्या म्हशीच्या आजारपणात मी स्वतः डॉक्टरला फोन करकरून बोलावला होता.

गहिनीनाथ म्हणाला, अजून पाणी लागतंयच.

आता एकेकीकडे मीही संशयाने बघायला लागले आहे, ह्याची मला चीड येते. सावित्रीबाईच जास्त ओरडते, तीच तर नसेल? पण तिची फॅट मी स्वतः काढते, ती स्वच्छ लागते. सगळ्यांचीच लागते. मशीन माझ्या समोर, नमुना माझ्या हातात. इथे एकीच्याही दुधात पाणी नाही, आणि केजला पोचेपर्यंत येतं. मग काय रस्त्यात आकाशातून पडतं? ह्या साली आकाशातून?

७ मे

अक्षय्य तृतीया. पुरणपोळी केली, गूळ बेताचा. हे आज खुशीत होते, कारण कन्व्हर्टर आणला. तिसरी खेप.

आणि ह्या वेळी सगळं बसलं! एका टोकाला चपटी पिन, ती मॉनिटरमध्ये गेली. दुसऱ्या टोकाला निळं भोक, त्यात आमची जुनी निळी केबल गेली, तिचं दुसरं टोक कॉम्प्युटरमध्ये. स्क्रू आवळले. बाहेर बाया जमल्या. बटण दाबलं.

मॉनिटर उजळला, मधोमध दोन इंग्रजी शब्द आले, नो सिग्नल, आणि विझला.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. पिना काढून पुसून घातल्या. बाहेर कोणीतरी हसलं. सावित्रीबाई हसली नाही. ती म्हणाली, "तुमाला लावायचाच नसंल तर तसं सांगा, बाई. आमी उन्हात उभं ऱ्हायचं न्हाई." हसली असती तर बरं झालं असतं.

पिन बसते आणि चालत नाही, ह्याच्याइतकी फसवणूक दुसरी नाही. जी बसत नाही ती निदान तोंडावर सांगते की मी तुझी नाही.

हे म्हणाले, "नशिबातच न्हाई म्हणायचं. आता सोड नाद." पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं.

१० मे

संघाचं पत्र नाही, फोन आला. वत्सलाबाईंना. मेअखेरपर्यंतही आता थांबणार नाहीत; आठवडाभर बघणार, मग गाडी बंद.

मी ठरवलं आहे. उद्या हे छावणीवर गेले की कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही घेऊन मी स्वतः केजला जाणार. ह्यांना सांगणार नाही, नाहीतर म्हणतील मीच जातो, आणि तो लुटारू पुन्हा ह्यांना फसवणार. पुरे झालं.

११ मे, दुपार, केजच्या स्टँडवर

जीपची वाट बघत लिहिते आहे. चादरीत बांधलेलं बोचकं मांडीवर. येताना जीपमध्ये एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, येवढं लेकरासारखं काय धरलंय?" मी म्हटलं, "संस्था."

दुकानात जाऊन कॉम्प्युटर काउंटरवर ठेवला. शेजारी मॉनिटर. तिन्ही वायरी त्याच्या पुढ्यात टाकल्या आणि म्हटलं, "तुम्ही माझ्या मालकाला तीनदा फसवलं. आता उजेड पडल्याशिवाय मी इथून उठत नाही."

दुकानात गिऱ्हाईकं होती, सगळी बघायला लागली. दुकानदार तरुण, चष्मेवाला. तो रागावला नाही, ह्याचाच मला जास्त राग आला. कन्व्हर्टर हातात घेऊन म्हणाला, "मावशी, हा उलट्या दिशेचा आहे. नवीन कॉम्प्युटरवरून जुन्या मॉनिटरला न्यायला. तुमचं जुन्याकडून नव्याकडे आहे. हा तिकडून इकडे येत नाही."

"मग दिला कशाला?"

"मी सांगितलं होतं मालकांना. कागदावरचं चित्र बघूनच म्हटलं, हा चालणार नाही, दुसरा घ्या. ते म्हणाले, ऱ्हाऊ दे, हाच द्या."

मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं. माझा माणूस साधा आहे, म्हटलं, त्याच्यावर ढकलू नका! तो उठला. आतून दुसरा कन्व्हर्टर आणला. ह्याला एका बाजूला निळी पिन, ती कॉम्प्युटरमध्ये. दुसऱ्या बाजूला चपटं भोक, त्यात ह्यांनी पहिल्यांदा आणलेली केबल. आणि कन्व्हर्टरला एक बारीक शेपटी. ती कॉम्प्युटरच्या यूएसबीत घालायची, कारण ह्याला स्वतःची वीज लागते, ती नाही दिली की हाही नो सिग्नलच म्हणणार.

उजेड पडला. आमच्या संस्थेचं नाव, खाली सगळ्या बायांची नावं. केजच्या दुकानात, परक्या लोकांपुढे, मला हुंदका आला.

आता थेट केंद्रावर. घरी जायला वेळ नाही, संध्याकाळचं दूध सुरू होईल.

११ मे, नंतर

लिहायला हवं. भाकरी तशीच झाकून ठेवली आहे.

वत्सलाबाई आणि मी मॉनिटर बसवला. शेपटी जोडली. बटण दाबलं आणि खिडकीबाहेर उजेड पडला. बाया दूध घालून घरी जाईनात, तिथेच ओट्यावर बसून राहिल्या. एकेकीचं नाव यायचं, फॅट यायची, आणि शेवटच्या रकान्यात पाणी: शून्य. शून्य आलं की सगळ्या मिळून "हां!" म्हणायच्या. सावित्रीबाईचं शून्य आलं तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "चुकलं माझं, बाई. लई बोलले तुमाला." मी म्हटलं, त्यात काय एवढं. आतून मात्र मला हत्तीवरून साखर वाटावीशी वाटत होती.

सगळ्यांच्या शेवटी हे आले, नेहमीसारखे, कॅन खांद्यावर. उजेड बघून थबकले.

"कवा लागला हा?"

"आजच! मी स्वतः केजला गेलते!" मी आतून ओरडले.

ह्यांनी कॅन खाली ठेवला नाही. म्हणाले, "आज घरीच ऱ्हाऊ दे दूध. आईला खरवस... न्हाई, दही लावायचं म्हणत होती."

मी हसले. म्हटलं, आजच्या दिवशी आमच्या घरचं दूध नाही असं कसं होईल? आणा इकडे. सावित्रीबाई म्हणाली, "आन् आज तुमचं बी मशीनला लावा, सचिवबाई. सरासरी कावून? आमाला बी बघू द्या की तुमच्या म्हशीची फॅट."

"लाव ना सरासरी," हे म्हणाले. "पद्धत हाय ती."

पद्धत आजपासून बंद, असं मीच म्हटलं. मोठ्याने म्हटलं. मीच नमुना काढला. मीच नळीखाली धरला. काचेकडे मी बघितलंच नाही, मी बायांच्या तोंडांकडे बघत होते, "हां!" ऐकायचं होतं मला.

कोणी "हां" म्हटलं नाही.

मी बाहेर आले आणि वर बघितलं. उत्तरेश्वर, ह्यांचं नाव, आमच्या घरचं खातं. फॅट सगळ्यांच्या खाली. पाणी: बावीस.

मग वत्सलाबाई हळूच म्हणाल्या, "ते नवं कन्व्हर्टर हाय ना, त्याचंच काईतरी बिघडलं असंल." दुसरी म्हणाली, "व्हय, पिन ढिली असंल." सावित्रीबाईसुद्धा, जिने मला महिनाभर सुखाने झोपू दिलं नाही, ती म्हणाली, "वायरच खराब दिसती बाई. उद्या बघू." सगळ्या मला वाट करून देत होत्या. मी फक्त हो म्हणायचं होतं. महिनाभर मी तेच तर म्हणत होते.

ह्यांनीही म्हटलं, "वायरचंच हाय."

मी म्हटलं, "वायर बरोबर आहे."

आणि कॅन उचलून त्यांच्या पायाशी ठेवला. संस्थेच्या सचिवाने दूध परत केलं, नाव मॉनिटरवर तसंच ठेवून. आकडा मी पुसला नाही. पुढचं नाव नव्हतंच, त्यामुळे तो तसाच राहिला, केंद्र बंद करेपर्यंत.

१२ मे

बायांनी मला काढलं नाही. मी म्हटलं काढा. सावित्रीबाई म्हणाली, "कुठं चाललीस? आतापासून तुज्या घरचं दूध पयलं लावायचं, समद्यांच्या पुढं. येवढं कर आन् बस आत." गहिनीनाथने आज कॅन नेले. आमचं दूध त्यात नव्हतं.

परत आणलेलं दूध मी ओतून दिलं नाही. टँकरचं पाणी आहे त्यात, ओतायचं कसं? त्याचाच चहा केला. सासूबाईंना कप दिला आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. तुळशीवरून मी त्यांना काय काय बोलले होते.

हे दुपारी बोलले. म्हशी फाल्गुनातच आटायला लागल्या होत्या. सचिवाच्या घरचं दूध सगळ्यांत जास्त, असं गाव म्हणायचं, तू पण म्हणायचीस, ते कमी झालेलं बघवलं नाही. एक तांब्या, मग दोन. कोणाचं काय जात होतं, म्हणाले.

कोणाचं काय जात होतं! सगळ्यांचं जात होतं. माझं नाव जात होतं, आणि तुम्ही पाठीवर हात ठेवून बघत होता. मी एवढी ओरडले की शेजारचे दारात आले. येऊ देत.

मग खाली मान घालून म्हणाले, "तीनदा उलटी वायर आणली मी. येकदा तरी इचारायचं व्हतं, मुद्दाम आणता काय म्हणून. तू इचारलं असतं तर मी थांबलो असतो."

म्हणजे दोष माझा! मी तडक उठले, चपला घातल्या आणि केजची जीप धरली. दुकानात गिऱ्हाईक होतं, तेवढीच गर्दी. मी सगळ्यांच्या देखत त्या चष्मेवाल्याला म्हटलं, खोटं तुम्ही बोलला नव्हता. तो म्हणाला, "असू द्या मावशी, चालला ना मॉनिटर?" मी म्हटलं, चालला.

येताना जीपमध्ये सारखं तेच मनात येत होतं. दुकानदार, संघ, मॉनिटर बनवणारे, तुळशीला पाणी घालणारी म्हातारी, सावित्रीबाई, सगळ्यांवर मी संशय घेतला. ह्यांना विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. त्यांनी ते ओळखलं होतं, आणि त्याच्याच भरवशावर ते तीनदा केजला गेले. पाण्यापेक्षा मला त्याचा राग येतो आहे.